एका गाठीचं फडकं

१

ऑपरेशन थिएटरात, टेबलाच्या लोखंडी पायाला टेकून, एक मळकं निळं फडकं पडलेलं होतं.

वर्ध्याहून सावंगीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं विमलाबाई नेत्रालय काही फार मोठं नव्हे. पण तिथल्या फरशीत तोंड पाहून भांग पाडता येतो, अशी त्याची ख्याती होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी ट्रस्टचे सचिव प्रभाकरराव फेरी मारत. शनिवार दुपारपासून बंद असलेल्या थिएटरचं कुलूप सुरभी सिस्टरने उघडलं, दिवा लावला, आणि ती दारातच थबकली. तिच्या खांद्यावरून प्रभाकररावांनी पाहिलं. त्यांच्या मागून मॅनेजर पियुष यांनी.

बाहेरच्या बाकावर नत्थूजी बसले होते. शुक्रवारी त्यांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता आणि त्यावर हिरवी पट्टी होती. उरलेला उजवा डोळा मात्र दोघांचं काम करत होता.

नत्थूजी मूळचे हिंगणीचे. कापूस बाजारात चौतीस वर्षं ग्रेडर होते, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारे. त्यांच्याबद्दल असं सांगत, की मूठभर कापूस हातात दिला की तो कोणत्या शिवारातला, कोणत्या विहिरीवर भिजलेला, आणि वेचणारीचं त्या सकाळी नवऱ्याशी वाजलं होतं की नाही, एवढं ते सांगून मोकळे होत. भांडणाचं बहुतेक ते पदरचं घालत. शिवार मात्र कधी चुकलं नाही.

पाच मिनिटांत जिजाबाईला बोलावणं गेलं. ‘पहाट स्वच्छता सेवा’ तिची होती. नऊ वर्षं या इमारतीची झाडलोट तिच्याकडे होती, हाताखाली अकरा बाया. ती आली, चपला बाहेर काढल्या, दारातून वाकून पाहिलं.

“हे फडकं तुमचं?” पियुष साहेबांनी विचारलं.

“आमचंच हाय.”

“कुठलं?”

ती नुसती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. ते निळं फडकं वॉर्डातलं म्हणून सांगितलं असतं, तर कोणाला कळणार होतं? पण जिजाबाईने त्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

“एक गाठ हाय,” ती म्हणाली. “संडासातलं.”

नऊ वर्षांचं कंत्राट त्या दोन शब्दांत संपलं. सोमवारी सकाळी नागपूरच्या ‘शुभ्रांगण’ नावाच्या कंपनीचं वाहन फाटकात उभं होतं. आणि त्या कंपनीची नारिंगी जाकिटं घालून ज्या बाया आत शिरल्या, त्या नेमक्या अकरा होत्या. जिजाबाईच्याच अकरा.

२

मंगळवारी नत्थूजी जिजाबाईच्या घरी गेले. दोन घरं सोडून तिचं घर. एरवी दारातच “या ना भाऊ” असा आवाज येई. आज आला नाही. ती भिंतीला टेकून बसली होती. समोर बाबासाहेबांच्या फोटोखाली चहाचा कप तसाच, वर साय धरलेला.

“भाऊ, कामाचं मी पाहून घेईन,” ती म्हणाली. “हात हाय तं काम हाय. मले फक्त एवढंच सांगा, माह्या अकरा जणींतली कोन होती? तुमी चांगल्या कापसातली किडकी कवडी हुडकता, माह्या बायांतली हुडका.”

“तुले कोनावर वाटते?”

तिने चहाचा कप बाजूला सारला. “दीपमालावर. नऊ वर्षं माह्या उजव्या हाताले होती. काल फाटकात मी तिले साऱ्याईसमोर म्हटलं, तूच ठेवलं, तुले माही जागा पाह्यजे होती. तिनं एक शब्द नाई काढला, भाऊ. खाली मान घालून आत गेली. खोटं असतं तं बोलली नसती काय?”

नत्थूजींनी दुसरंच विचारलं. “ते गाठीचं काय हाय, मले समजावून सांग.”

ओसरीवर एक पोतं पडलं होतं. रविवारीच रुग्णालयाने तिचं सामान भरून परत केलेलं. जिजाबाईने त्यातून फडकी काढली. सगळी एकाच निळ्या ताग्यातली.

“सुरू केलं तवा चार जणीईले वाचता येत नव्हतं. चिठ्ठी लावून काय उपेग? मंग गाठी मारल्या. एक गाठ संडास. दोन गाठी वॉर्ड, समोरासमोरच्या कोपऱ्यात. तीन गाठी थेटर. अंधारातबी हाताले समजते. नवं फडकं आलं की पह्यल्या धुण्याच्या आधी मीच गाठ मारतो, ओली करून, दातानं ओढून.”

“अन् सोडतं कोन?”

“कोनी नाई. फाटलं की गाठीसकट जाळाचं. सोडली तं उद्या वॉर्डातलं फडकं कुठं जाईन अन् कुठलं कुठं येईन, त्याचा भरवसा काय?”

नत्थूजींनी एका गाठीचं फडकं उचललं. उचलण्याआधी त्यांची बोटं क्षणभर अडली, ते त्यांना स्वतःलाच कळलं आणि आवडलं नाही. फडक्यावर जागोजागी पांढुरके चट्टे होते.

“ॲसिडचे,” जिजाबाई म्हणाली. “संडासातलं एकबी फडकं याच्यातून सुटत नाई.”

“हे तिथं दवाखान्यात कुठं राहतात?”

“मागच्या मोरीपाशी. बादलीत अन् दोरीवर. वॉर्डातले वर, गच्चीवर, उन्हात. कुलूप कशालेच नाई. फडकं कोन चोरते, भाऊ?”

तोच तर प्रश्न होता.

३

बुधवारी डोळा दाखवायच्या निमित्ताने नत्थूजी आत शिरले आणि वाट चुकल्यासारखे थेट मॅनेजरच्या खोलीत गेले. म्हाताऱ्या माणसाला, त्यातून डोळ्यावर पट्टी असलेल्या, वाट चुकायचा हक्कच असतो.

“या काका, बसा,” पियुष म्हणाले. तिशीतला माणूस, शर्टाला एक सुरकुती नाही. टेबलावर फायली, त्या शिवायची दाभण, पास काढायचं यंत्र. खिडकीत दोन पांढऱ्या कुंड्या, त्यांत रुंद पानांची झाडं, कुंड्यांवर नारिंगी अक्षरं.

“छान हायत झाडं.” नत्थूजींनी कुंडीत बोट घातलं. माती नवलाची होती. तपकिरी, वजनाला अगदी हलकी, एका बाजूने जरा उकरलेली.

“हात लावू नका काका, प्लीज.” पियुष यांनी सॅनिटायझरची बाटली पुढे सरकवली.

पाणी आलं. नत्थूजींनी पिऊन ग्लास टेबलावर ठेवला. पियुष यांनी तो फूटपट्टीने कडेला ढकलला, आणि मग दोन्ही हात चोळचोळून पुसले. बोलणं मात्र गोड होतं.

“जिजाबाईंचं फार वाईट वाटतं मला. पण डोळ्यांचं हॉस्पिटल आहे. इन्फेक्शन झालं असतं तर? त्यांच्याच बायकांपैकी कोणीतरी दगा दिला, असं ऐकतो. जुनी माणसं, एकमेकींचा हेवा असतोच.”

“थेटरची किल्ली कोनाजवळ असते?”

“एक सिस्टरच्या टेबलामागे खिळ्यावर. कोणीही घेईल. दुसरी इथं माझ्या ड्रॉवरमध्ये. काका, तुम्ही पोलिसात होतात का?”

“कापसात होतो,” नत्थूजी म्हणाले आणि उठले.

मागच्या अंगणात नवीन कंपनीचा सुपरवायझर मुकेश उकिडवा बसला होता. मोरी तुंबली होती. त्याने बाही कोपरावर सारली, हात खांद्यापर्यंत पाईपात घातला आणि काळा कुजका गोळा ओढून काढला.

“हातमोजे नाई काय गा कंपनीचे?”

“हाय ना बाबा, पेटीत. मोज्यातून कुठं काय अडकलं ते समजते काय?” तो हसला. “माही मायबी हेच करत होती, नागपूरले, इतवारीत. तिच्या मागंमागं शिकलो.”

“जिजाबाईच्या साऱ्याच बाया तुमी कशा काय पटवल्या एका दिवसात?”

“मी कुठून पटवू? मी रविवारी सांजेले वर्ध्यात उतरलो. पाकीट नागपूरले शनिवारीच हाती देल्लं होतं, त्याच्यात अकरा जणीईचे कार्ड तयार. म्हणे, सोमवारी वाटून दे. वरून सांगतलं, पह्यल्या तारखेपासून वर्ध्याले नवीन साहेब येनार हाय, इथलाच माणूस हाय म्हणे. तो आला की मी मोकळा.”

नत्थूजी जागच्या जागी थांबले. फडकं सापडलं रविवारी सकाळी. आणि कार्डं शनिवारीच तयार?

४

सुरभी सिस्टर डोळ्यात थेंब टाकत होती. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या आजीला उलटी झाली. मदतीला कोणी येईपर्यंत सिस्टरने ओंजळ पुढे केली होती. मग शांतपणे हात धुऊन ती परत आली आणि नत्थूजींची पापणी उचलली.

“वर पाहा. हलू नका.”

“सिस्टर, त्या फडक्याचं काय केलं?”

तिचा हात थांबला. “पियुष सर म्हणाले जाळून टाका. दोनदा म्हणाले.”

“मंग?”

“जाळलं नाही.” तिने इकडेतिकडे पाहिलं. “शनिवारी दुपारी काजलने थिएटर पुसलं, ते मी स्वतः बॅटरी लावून पाहिलं होतं. टेबलाखाली काही नव्हतं. तेव्हाच मला पटेना. पण जिजाबाईंनीच कबूल केलं, मग मी काय बोलणार?”

कपाटातून तिने पारदर्शक पिशवी काढली. वर चिकटपट्टी, तिच्यावर तारीख आणि वेळ.

नत्थूजींनी फडकं मांडीवर पसरलं. मग त्यांनी चांगला डोळाही मिटून घेतला. बाजारात ते असंच करत. डोळ्याला कापूस फसवतो, बोटाला नाही.

एक कोपरा. गाठ, दगडासारखी घट्ट. जिजाबाईच्या दाताची. दुसरा कोपरा साधा. तिसराही साधा. उरला गाठीसमोरचा चौथा कोपरा, आणि तिथं बोटं थांबली. तिथलं कापड ताठर होतं, पिळून पिळून चुरगळलेलं. त्यांनी डोळा उघडला. सगळं फडकं उन्हाने विटून फिकट झालं होतं, पण त्या चुरगळ्याच्या आत निळा रंग कोराकरकरीत होता, दुकानातून आल्यासारखा. आणि सुतातून काहीतरी टोकदार घुसवल्याची दोन बारीक भोकं.

मध्ये तपकिरी डाग. त्यांनी नाकाशी नेलं. फिनाइल नाही. ॲसिड नाही, आणि पांढरा चट्टा तर एकही नाही. डागात एक राठ तंतू अडकला होता. त्यांनी तो चिमटीत धरून पीळ देऊन पाहिला.

“सिस्टर, कापसाले असा ताठा नसतो.”

“मग कशाचा आहे?”

नत्थूजींनी तंतू औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवला. उत्तर त्यांना कळलं होतं. पण त्याआधी एका बाईचं तोंड पाहायचं राहिलं होतं.

५

दीपमाला जिन्यावर फरशी पुसत होती. तिच्या खालच्या पायरीवर काजल, सगळ्यांत धाकटी, डोळे सुजलेले.

“दीपमाला, दोन शब्द बोलाचे हायत.”

“मावशीनं धाडलं काय?” तिने पोछा थांबवला नाही. “त्यांनी सांगतलं असंन की मी चोट्टी हाय.”

“तुले खरंच तिची जागा पाह्यजे होती?”

आता पोछा थांबला. “नत्थूभाऊ, रविवारी दुपारी पियुष साहेबांनी मले बलावलं. म्हणे, कंत्राट गेलं, उद्यापासून तुमी साऱ्या घरी. नाई तं नव्या कंपनीत या, पण साऱ्या अकराच्या अकरा या, तुटक नाई घेनार. त्या यशोदाबाईच्या घरात ती एकटी कमावते. या काजलचं बाळ आठ महिन्याचं हाय. मी काय म्हनू? मावशीले ईचारून सांगतो? त्या तं थेटरच्या दारात उभ्या राहून स्वतःच्या तोंडानं कबूल करून गेल्या होत्या.”

“मंग फाटकात बोलली काऊन नाई?”

“मावशीले काय सांगू? की तुमचं काम गेलं तवा आमी तासाभरात दुसरीकडे अंगठा देल्ला?” तिने पोछा बादलीत आपटला. “ते खरंच होतं ना, भाऊ. फडक्याचं खोटं होतं, पण हे खरं होतं. म्हणून मान खाली घातली.”

काजल हुंदके देऊ लागली. “मीच पुसलं होतं शनिवारी. साऱ्या मलेच पाहून राह्यल्या.”

“तू गप बस,” दीपमाला म्हणाली आणि नत्थूजींकडे वळली. “अन् एक सांगतो. मले ठेवाचंच असतं तं मोरीतल्या बादलीतलं ओलं उचललं असतं, दोन पावलं चालून ठेवून देल्लं असतं. त्याच्यात काय कठीण हाय? रोज तेच तं हातात असते.”

नत्थूजी तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांची नजर तिच्या गळ्यातल्या नव्या कार्डावर गेली. फोटोत दीपमालाचे केस खांद्यावर मोकळे होते. आज कित्येक वर्षं तिच्या डोक्यावर गच्च अंबाडाच पाहिला होता त्यांनी.

“हा फोटो कधीचा?”

“रुग्णालयाच्या पासावरचा. कामावर लागलो तवा काढला होता.”

“अन् त्या पासाचे फोटो कुठं असतात?”

तिने मॅनेजरच्या खोलीकडे हनुवटी केली. आणि मग, जे दाखवलं त्याचा अर्थ लागून, तिचा हात तोंडावर गेला.

६

शुक्रवारी सकाळी प्रभाकररावांच्या खोलीत आठजण जमले. टेबलावर वर्तमानपत्र पसरून नत्थूजींनी दोन फडकी ठेवली. एक सिस्टरच्या पिशवीतलं, एक जिजाबाईच्या पोत्यातलं. पोत्यातलं फडकं त्यांनी उघड्या हाताने आणलं होतं, अख्खा रस्ता. या वेळी बोटं अडली नव्हती.

“नत्थूजी, लवकर उरका,” प्रभाकरराव म्हणाले. “तुम्ही पेशंट आहात म्हणून ऐकतोय.”

“बस, एक काम करा. हे संडासातलं फडकं हाय. जरा हाती घेऊन पाहा अन् पुढच्याले द्या.”

दीपमालाने घेतलं आणि सवयीने घडी घातली. काजलने घेतलं. सिस्टरने घेतलं. मुकेशने घेऊन गाठ चाचपली, “भारी बसवली हाय,” म्हणाला आणि पियुष यांच्यापुढे धरलं.

खुर्चीचे पाय फरशीवर करकरले. पियुष भिंतीला टेकले होते.

“हा काय चावटपणा आहे?”

“किळस येनं गुन्हा नाई, साहेब,” नत्थूजी म्हणाले. “मलेबी मंगळवारी आली होती. पण आता ऐका. जिजाबाई एवढीच चुकली, की थेटरातल्या फडक्याची एक गाठ पाह्यली अन् दुसरा कोपरा पाह्यला नाई. हे पाहा. इथं दुसरी गाठ होती. वर्षभर होती. आतल्या कापडाले ऊन नाई लागलं, फिनाइल नाई लागलं, म्हणून निळं तसंच राह्यलं. हे फडकं दोन गाठीचं. गच्चीवरचं, वॉर्डातलं. धुतलेलं. कोनीतरी एक गाठ दाभणीनं उकलली, दोनाची एक केली, अन् मळवून थेटरात टाकलं.”

जिजाबाई पुढे वाकली. तिचा हात त्या कोपऱ्यावर गेला आणि तिथेच राहिला.

“आता ईचार करा. मोरीपाशी एका गाठीचे, खरोखरचे घाण, चौदा फडके लोंबून राह्यले होते. कुलूप नाई. त्यातलं एक उचललं असतं तं सारं ॲसिडच्या चट्ट्यासकट जमून गेलं असतं. मंग एवढी मेहनत काऊन? या बायाईले काऊन पडावी? सिस्टरले? मुकेशले? त्यायचे हात साऱ्यात जातात. ही मेहनत त्यानंच केली, ज्याच्याच्यानं ते फडकं उचलल्या गेलं नाई.”

“ही सगळी कल्पना आहे,” पियुष म्हणाले.

नत्थूजींनी औषधाची डबी उघडली. “हा तंतू त्या डागातला. नारळाच्या शेंडीचा. मातीचा डाग नाई हा, नारळाच्या भुशाचा हाय. तो या इमारतीत दोनच कुंड्यांत हाय, अन् त्यातली एक उकरलेली हाय. कुंड्या शुभ्रांगणनं देल्ल्या, ते त्यांच्यावरच लिहून हाय. बायांच्या कार्डांवरचे फोटो पासाचे हायत, अन् पास तुमच्या खोलीत निघतात. फडकं सापडाच्या आधीच ते फोटो नागपूरले पोहचले होते. अन् मुकेश, नवीन साहेब कधी येनार हाय?”

“पह्यल्या तारखेले,” मुकेश पुटपुटला. तो आपल्या होणाऱ्या साहेबाकडे पाहत होता.

प्रभाकररावांचा चेहरा काळवंडला. “पियुष, तिथं माणसांचे डोळे उघडतो आपण. डोळे! इन्फेक्शन झालं असतं तर?”

“काही झालं नसतं,” पियुष एकदम बोलले. “स्वच्छ धुतलेलं होतं ते!”

मुकेशने हातातलं फडकं टेबलावर ठेवलं.

७

पियुष त्याच दिवशी गेले, आणि नागपूरच्या कंपनीनेही त्यांना दारात उभं केलं नाही. प्रभाकररावांनी जिजाबाईसमोर हात जोडले. पण करार वर्षभराचा झाला होता. कंपनीने त्याच दुपारी आपल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं असं लिहून दिलं, आणि वकील म्हणाले की आता मोडता येणार नाही. जिजाबाईने एकच गोष्ट मागितली. थिएटरच्या दारावर, जिथं तिने कबुली दिली होती तिथंच, खरं काय ते कागदावर लिहून लावा. कागद लागला. मोठ्या अक्षरात.

“काम काही परत भेटलं नाई,” नत्थूजी म्हणाले.

“मी कुठं काम मागतलं होतं तुमाले? कोन होती, ते ईचारलं होतं,” ती म्हणाली. मग पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. “कोनीच नव्हती, भाऊ. अन् मी मात्र दीपमालाले...”

शनिवारी ती गच्चीवर गेली. नत्थूजींची पट्टी त्या सकाळीच निघाली होती. जिन्याच्या तोंडाशी ते दम खात थांबले, निदान तसं दाखवलं तरी. गच्चीवर दोरीला कंपनीची फडकी वाळत होती. लाल, पिवळी, हिरवी. अकराही जणी तिथेच होत्या. जिजाबाई दिसताच सगळ्यांचे हात थांबले, फक्त दीपमाला पिळून पिळून टाकत राहिली.

“दीपमाला, चुकलं माहं.”

एक पिवळं फडकं झटकून दोरीवर गेलं.

“चारचौघात म्हटलं होतं, तं चारचौघात सांगतो. तू नाई ठेवलं. तुमच्यातल्या एकीनंबी नाई. मीच आंधळी.”

“मीबी गेलीच ना मावशी, तुमाले न सांगता,” दीपमाला दोरीकडे पाहत म्हणाली.

“लेकरं घरी बसवाचे होते काय? मीबी तेच केलं असतं.”

बोलणं तिथेच अडलं. काय करावं न सुचून जिजाबाईने समोरच्या हिरव्या फडक्याचा कोपरा हातात घेतला, आणि तिची बोटं थांबली. गाठ होती. दुसऱ्या कोपऱ्यालाही. तिसऱ्यालाही. तिने पिवळं पाहिलं, त्याला दोन. कडेच्या वेगळ्या दोरीवर लाल. त्यांना एकेक.

“पहाटे लाइट जाते,” दीपमाला म्हणाली. “हाताले रंग समजत नाई.”

मुकेश जिन्यातून वर आला, गाठींकडे पाहिलं, सगळ्यांकडे पाहिलं, “कंपनीच्या नियमात बसत नाई हे,” असं आभाळाला सांगितलं आणि आल्या पावली उतरला.

दीपमालाने कोपऱ्यातला नव्या फडक्यांचा गठ्ठा उचलून जिजाबाईपुढे ठेवला. हिरवी, कोरी, अजून पाणी न लागलेली.

“आमच्या सुटून राह्यल्या,” ती म्हणाली. “तुमच्यासारख्या बसत नाई.”

जिजाबाई उन्हात मांडी घालून बसली. काजलने पाण्याचा मग आणून दिला. जिजाबाईने पहिल्या फडक्याचा कोपरा बुडवला, पीळ दिला, आणि दातात धरून ओढला.

पुढे नत्थूजींनी ही गोष्ट वर्ध्यात कित्येकांना सांगितली. दर खेपेला तीत काहीतरी वाढत गेलं. मोरीवरच्या चौदा फडक्यांची चाळीस झाली, आणि पियुष साहेब खुर्चीसकट खिडकीबाहेर गेले. फक्त गच्चीवरचा भाग ते सांगत नसत. तिथवर आले की आपला नवा डोळा पुसत आणि म्हणत, “बस, मंग तिनं गाठी मारल्या.”